गुरूविरुद्ध साक्ष

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर अंबरनाथ, बदलापूर आणि वांगणी ही स्थानके एकाच पट्ट्यात येतात. अंबरनाथला वालधुनीच्या काठी शिलाहारांच्या काळातले शिवालय आहे. वांगणीचे नाव मुंबईच्या आकाशनिरीक्षकांच्या दोन-तीन पिढ्यांना तोंडपाठ आहे, कारण शहराच्या उजेडातून सुटून रात्रभर तारे पाहायचे तर लोकलने वांगणीला उतरायचे, हा परिपाठ खगोल मंडळासारख्या हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे पाळला. या दोहोंच्या मध्ये बदलापूर. तेथे कात्रपसारख्या भागांत शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी कातकरी आणि ठाकूर समाजांच्या वाड्या आजही आहेत. कला, खगोल आणि मानवशास्त्र या तिन्ही विद्यांचे विषय वीसेक किलोमीटरांच्या आत असे शेजारी-शेजारी नांदत आहेत.

परदेशांतील काही महाविद्यालयांत या तिन्ही विद्यांचे संग्रहालय एकाच छताखाली असते. एका दालनात मडकी आणि मुखवटे, दुसऱ्यात चित्रे, तिसऱ्यात दुर्बीण. महाराष्ट्रात असे संग्रहालय पाहू गेल्यास ते अखंड सापडत नाही; त्याचे तुकडे गोळा करावे लागतात. एक तुकडा मुंबईच्या कलाशाळेत, एक पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या इतिहासात, एक येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात. प्रस्तुत लेखात हे तुकडे शेजारी ठेवून पाहण्याचा प्रयत्न आहे. तसे ते ठेवल्यावर एक प्रश्न आपोआप समोर येतो. मोठ्या शहरांत भव्य सरकारी वस्तुसंग्रहालये असताना महाविद्यालयाने स्वतःचा संग्रह का बाळगावा?

सार्वजनिक वस्तुसंग्रहालयात आपण थक्क व्हायला जातो. तेथे वस्तूची निवड तिच्या सौंदर्यावरून किंवा दुर्मिळतेवरून होते, आणि प्रेक्षकाने मान वर करून पाहावे अशी तिची मांडणी असते. महाविद्यालयाचा संग्रह बहुधा इतका देखणा नसतो. फुटकी खापरे, मापे लिहिलेल्या चिठ्ठ्या, एकसारखी दिसणारी शंभर दगडी हत्यारे, काचेवरची जुनी छायाचित्रे. शिक्षकाने वर्गात काही विधान करावे आणि विद्यार्थ्याने ते पडताळून पाहावे, एवढ्यासाठी हा पसारा असतो. पडताळणीची सोय करून देण्यात शिक्षकाला एक धोका असतो. ज्या कपाटाकडे तो बोट दाखवतो, त्याच कपाटातली वस्तू एखाद्या दिवशी त्याच्याविरुद्ध साक्ष देऊ शकते. अशी साक्ष आपल्याकडे किमान चार वेळा झाली, आणि त्या चारही प्रसंगांचा मागोवा घेतल्यास आपला प्रश्न आपोआप सुटत जातो.

पहिला प्रसंग कात्रपहून हाकेच्या अंतरावरचा आहे. अंबरनाथच्या देवळाच्या उत्तर दाराशी आतल्या बाजूस तुळईवर एक लहानसा शिलालेख आहे. त्यात शिलाहार राजा मांवाणी, म्हणजेच मुम्मुणी, याचे नाव आणि शकाचा आकडा आहे. एकोणिसाव्या शतकात हा लेख प्रथम अभ्यासला तो डॉ. भाऊ दाजी लाड (१८२२-१८७४) यांनी. भाऊ ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर, व्यवसायाने वैद्य, आणि पुराविद्येतील अधिकारी पुरुष. भायखळ्याच्या ज्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला, त्याला १९७५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. त्यांनी अंबरनाथचा आकडा शके ७८२ असा वाचला. म्हणजे इसवी सन ८६०.

भाऊंनी जुनागढहून एका तरुणाला आपल्याकडे कामाला आणले होते. त्याचे नाव भगवानलाल इंद्रजी (१८३९-१८८८). त्याने विश्वविद्यालयाचे तोंड पाहिलेले नव्हते, पण जुन्या अक्षरांवरची त्याची नजर विलक्षण होती. देशभर हिंडून शिलालेखांचे ठसे घ्यायचे आणि ते मुंबईला आणायचे, हे काम तो भाऊंसाठी करीत असे. त्याच भगवानलालने अंबरनाथचा आकडा पुन्हा तपासला आणि तो ७८२ नसून ९८२ आहे असे दाखवले. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६०. आज आपण या देवळाचा जो काळ सांगतो, तो शिष्याचा आहे.

एका अंकाचा हा फरक देवळाचे वय दोनशे वर्षांनी बदलतो, आणि प्रश्न वयापुरता राहत नाही. इसवी सन ८६० च्या सुमारास उत्तर कोकणात दुसरा कपर्दी हा शिलाहार राज्य करीत होता, हे कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांवरून कळते. ७८२ हा आकडा खरा मानला तर मांवाणीला वंशावळीत जागाच उरत नाही. शिवाय देवळाच्या शिखराची घडण आणि भिंतींवरील मूर्तींची दाटी यांची संगती नवव्या शतकाशी लावावी लागते. भाऊंचा अधिकार मोठा होता. त्यांनी सांगितले म्हणून ७८२ हा आकडा पन्नास वर्षे सहज टिकला असता. तो टिकला नाही, कारण दगड जागेवर होता आणि त्याचा ठसा घेता येत होता.

येथे कलाशाळेचा संबंध येतो. १८६८ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेची मंडळी सरकारच्या वतीने अंबरनाथला आली, आणि त्यांनी देवळाची रेखाटने केली व शिल्पांचे प्लॅस्टरचे साचे घेतले. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली याच कलाशाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्यासाठी अनेक हिवाळे लेण्यांत राहिले. त्यांतील बऱ्याचशा प्रती लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या शंभराहून अधिक नष्ट झाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रतीही १८६६ मध्ये लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या. ज्या प्रती वाचल्या, त्यांची किंमत पुढे वाढत गेली, कारण भिंतीवरचे रंग उडाले, पोपडे निघाले, आणि मूळ चित्रात आता न दिसणारी एखादी बोटाची वळणे प्रतीत शिल्लक राहिली. मूळ वस्तूने प्रतीला तपासायचे, आणि मूळ झिजल्यावर प्रतीने मुळाला तपासायचे, असा हा उलटसुलट व्यवहार आहे. ज्या विद्यार्थ्यांनी प्रती केल्या ते ब्रिटिश चित्रविद्येचे धडे गिरवत होते. अजिंठ्याच्या रेषेने त्यांना वेगळाच धडा दिला असणार. पण तो भाग कलेच्या इतिहासकारांवर सोडून आपण घाट चढून पुण्याला जाऊ.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे जे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले तेथे, १८८८ मध्ये एक वेधशाळा सुरू झाली. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली, आणि वेधशाळेला महाराजांचे नाव मिळाले. ती उभारणारे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७-१९३८). १८८४ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेथील ज्योतिर्विदांचा सल्ला घेतला, आणि नुसते तारे पाहण्यापेक्षा त्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करणारी वेधशाळा बांधायची असे ठरवून परतले. डब्लिनच्या ग्रब या कारखानदारांची दुर्बीण आली. तिचा आरसा पुढे २० इंचांचा झाला, आणि ती त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. एका महाविद्यालयाच्या आवारात, विद्यार्थ्यांच्या वाटेवर, हे यंत्र उभे होते.

नायगमवालांना ज्यांनी मार्ग दाखवला त्यांत नॉर्मन लॉकियर हे प्रमुख. लॉकियर म्हणजे सूर्यप्रकाशातील पिवळ्या रेषेवरून हेलियम हे मूलद्रव्य ओळखणाऱ्यांतले एक, ‘नेचर’ या नियतकालिकाचे संस्थापक संपादक, आणि अतिशय आग्रही स्वभावाचे गृहस्थ. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे होत, असा त्यांचा सिद्धान्त होता. तेजोमेघांच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती तापलेल्या मॅग्नेशियममुळे उमटणाऱ्या पट्ट्याचा अवशेष आहे, असे लॉकियर म्हणत. त्यांचे म्हणणे खरे असेल तर ती रेषा एका कडेला स्पष्ट आणि दुसऱ्या कडेला पुसट दिसायला हवी.

१८९१ मध्ये नायगमवालांनी पुण्याहून मृग नक्षत्रातील तेजोमेघाचा वर्णपट तपासला. रेषा दोन्ही कडांना सारखीच रेखीव होती. त्यांनी तसे लिहून लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे पाठवले, आणि ते तेथील नियतकालिकात छापून आले. ज्याच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली त्याच्याच सिद्धान्ताविरुद्ध वेधशाळेने साक्ष दिली. इतर निरीक्षकांचे वेधही लॉकियर यांच्या विरुद्ध जात होते. त्या रेषेचा उलगडा व्हायला १९२७ साल उजाडावे लागले. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा आहे, हे आयरा बोवेन यांनी दाखवले. खरे उत्तर काय ते नायगमवालांनाही ठाऊक नव्हते. चुकीचे उत्तर कोणते, एवढे त्यांच्या हाती होते, आणि तेवढे सांगायला ते कचरले नाहीत.

त्याच शहरात त्याच काळात मृगाकडे आणखी एक माणूस पाहत होता. डेक्कन कॉलेजातून १८७६ मध्ये गणित घेऊन पदवीधर झालेले बाळ गंगाधर टिळक यांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. वसंतसंपात एके काळी मृगशीर्षात होता, याच्या खुणा त्यांनी वेदांतील कथांत शोधल्या आणि त्या आधारे वेदांचा काळ इसवी सनापूर्वी चार हजार वर्षांच्या सुमारास नेला. संपात मागे सरकतो हे गणित निर्विवाद आहे. वाद आहे तो अमुक ऋचेत अमुक तारकापुंज अभिप्रेत आहे की नाही, यावर, आणि आजचे बहुतेक विद्वान टिळकांचा तो काळ स्वीकारत नाहीत. शब्द कितीही जपून ठेवला तरी त्याचा अर्थ वाचकाबरोबर थोडा सरकतो. वर्णपटातील रेषा रेखीव की पुसट, याचा निवाडा मात्र कोणीही दुर्बिणीशी उभा राहून करू शकतो. टिळकांचे समकालीन शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी या दोन टोकांमध्ये एक पूल बांधला. १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा मराठी ग्रंथ आला, आणि त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह केलेला हिंदी पंचांगावरचा इंग्रजी ग्रंथही. शिलालेखात शक, मास, तिथी आणि वार दिलेला असेल तर त्यांचा परस्परांशी मेळ बसतो की नाही, हे गणिताने तपासण्याचे साधन त्यामुळे इतिहास-संशोधकांच्या हाती आले. दगड वाचणाऱ्याला आकाशाची साक्ष काढण्याची सोय झाली.

२२ जानेवारी १८९८ रोजी महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. लॉकियर आपले पथक घेऊन विजयदुर्गावर उतरले. नायगमवालांनी पुणे-सोलापूर मार्गावरील जेऊर येथे तळ दिला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथकही तेथेच होते. आदल्याच वर्षी पुण्यात प्लेगने थैमान घातले होते, आणि त्या छायेत ही मंडळी आरसे व छायाचित्रांच्या काचा बैलगाड्यांतून सांभाळून नेत होती. एकाच ग्रहणाकडे गुरू समुद्रकाठच्या किल्ल्यावरून आणि शिष्य माणदेशाच्या उत्तरेकडील माळावरून पाहत होते, हे चित्र मला फार अर्थपूर्ण वाटते. नायगमवालांचा जेऊरचा अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. विजयदुर्गाच्या भेटीची कहाणी मात्र लोकांच्या तोंडी बदलत गेली. लॉकियर यांनी १८६८ मध्ये हेलियमचा शोध विजयदुर्गावरूनच लावला, असे आजही अनेक ठिकाणी छापलेले आढळते. वास्तविक १८६८ च्या ऑक्टोबरात त्यांनी तो वेध इंग्लंडमधून घेतला होता, ग्रहण नसताना. विजयदुर्गाला ते आले ते तीस वर्षांनी. कागद पाहिले नाहीत की अभिमान आपल्याला हवी ती तारीख कशी लिहून टाकतो, त्याचा हा नमुना.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले. त्यांच्यामागे वेधशाळा चालवणारा कोणी तयार झालेला नव्हता. सरकारने ती बंद केली आणि दुर्बीण कोडाइकनालला रवाना केली. यंत्र वाया गेले नाही, हे खरे. पण पुण्याच्या विद्यार्थ्यांच्या वाटेवरून ते उठले. संग्रह म्हणजे वस्तू अधिक तिचा वारस; वारस नसेल तर वस्तू टिकूनही संग्रह मोडतो, हे या प्रकरणातून उघड होते.

वारस असले तर काय होते, हे पाहायला येरवड्याला जावे. डेक्कन कॉलेजची परंपरा १८२१ च्या पुण्यातील संस्कृत पाठशाळेपर्यंत पोचते. येरवड्याच्या दगडी इमारतीत ते १८६८ मध्ये आले. १९३४ मध्ये मुंबई सरकारने खर्चाचे कारण देऊन हे महाविद्यालय बंद केले. येथे मात्र माजी विद्यार्थी उभे राहिले. सर जमशेटजी जीजीभाई यांनी ज्या हेतूने देणगी दिली तो हेतू सरकारला परस्पर मोडता येणार नाही, असा मुद्दा घेऊन ते न्यायालयात गेले. अखेर १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून डेक्कन कॉलेज पुन्हा उघडले. हसमुख धीरजलाल सांकलिया आणि इरावती कर्वे त्याच वर्षी तेथे रुजू झाले. पुरातत्त्व आणि मानवशास्त्र हे दोन्ही विषय एकाच आवारात, एकाच वेळी रुजले.

इरावतीबाई (१९०५-१९७०) मराठी वाचकाला ‘युगान्त’मुळे परिचित आहेत. त्यांच्या आयुष्यातला एक आरंभीचा अध्याय या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेटसाठी काम करू लागल्या. फिशर हे कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे संचालक, आणि वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे मोठे पुरस्कर्ते. नाझी राजवटीत ते बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत जी असमानता असते तिचा संबंध वंशाशी आणि पर्यायाने बुद्धीशी असावा, युरोपीय कवट्यांत ती अधिक भरावी, हे गृहीतक इरावतीबाईंपुढे ठेवण्यात आले. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. निष्कर्ष असा निघाला की या असमानतेचा वंशाशी संबंध नाही. एका हिंदुस्थानी विद्यार्थिनीने बर्लिनमध्ये, आपली पदवी ज्याच्या हाती होती त्याच गुरूपुढे, हे लिहून दिले. कवट्या गुरूंच्याच संस्थेने जमवलेल्या होत्या. साक्ष त्यांच्याच कपाटातून निघाली.

येथवर कथा सरळ आणि सुखद आहे. पण ती तशीच सोडून दिली तर आपण इतिहासाशी प्रामाणिक राहणार नाही. त्या कवट्यांपैकी अनेक आफ्रिकेतील जर्मन वसाहतींतून आणलेल्या होत्या. त्या माणसांची नावे कोणी लिहून घेतली नव्हती. संमतीचा तर प्रश्नच नव्हता. इरावतीबाईंचा निष्कर्ष न्याय्य होता, तरी तो ज्या सामग्रीवर उभा राहिला ती अन्यायाने गोळा झाली होती. परत आल्यावर त्यांनी मोजपट्टी खाली ठेवली नाही. महाराष्ट्रातील जातीजमातींची शरीरमापे त्या घेत राहिल्या, आणि जातींचे मूळ त्या मापांतून शोधता येईल अशी त्यांची धारणा होती. त्या पद्धतीवर आजचे अभ्यासक सडकून टीका करतात, आणि ती टीका योग्य आहे. पण तीही करता येते, कारण मोजमापांचे तक्ते छापलेले आहेत आणि गृहीतके उघडी आहेत. बर्लिनमध्ये त्यांनी जे गुरूच्या बाबतीत केले ते पुढच्या पिढीला त्यांच्या बाबतीत करता आले.

डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जाणाऱ्याने जोर्वे पद्धतीच्या मातीच्या भांड्यांपाशी थोडे रेंगाळावे. लाल पृष्ठावर काळ्या रेषांची नक्षी, काहींना लांब तोटी. संगमनेरजवळच्या जोर्वे या गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि त्या गावाचे नाव ताम्रपाषाणयुगातील एका अख्ख्या संस्कृतीला मिळाले. याच संस्कृतीचे लोक नेवासे, दायमाबाद आणि घोड नदीकाठच्या इनामगावात राहत. त्यांचे मृतांशी नाते विलक्षण होते. लहान मूल गेले तर त्याला दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीतच पुरायचे. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालचे पाय तोडायचे. मेलेल्याने उठून चालू लागू नये म्हणून असावे, असा तर्क आहे. नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांब्याच्या क्षारांमुळे माळेच्या धाग्याचे कण टिकले होते, आणि तपासणीत त्यांत कापूस व रेशीम आढळले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी या नदीखोऱ्यात कोणी तरी आपल्या मुलाच्या गळ्यात जे घातले होते त्यापर्यंत आपण सूक्ष्मदर्शकाने पोचतो. आकडेवारीत हरवून जाऊ नये असे ते काही आहे.

इनामगावचे उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम चालले. म. के. ढवळीकर, सांकलिया आणि झैनुद्दीन अन्सारी यांचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ढवळीकरांनी मांडलेले चित्र असे. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले, शेती खालावली, चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, लोक अर्धभटके झाले, आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव उठले. पावसाने दगा दिला आणि गाव मोडले, ही कथा महाराष्ट्राच्या माणसाला लगेच पटते, कारण ती त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते.

पण ती हाडे जपून ठेवलेली होती. अमेरिकन अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शूग यांनी इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद येथील लहान मुलांचे सांगाडे नव्याने तपासले आणि २०११ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलांची वाढ, त्यांच्या हाडांची जाडी, मृत्यूचे वय आणि त्यावरून लोकसंख्येचा अंदाज, असा सगळा हिशेब मांडून त्यांनी हवामानाच्या एका सरळ कारणावर प्रश्नचिन्ह लावले. उत्तरकाळातील मुलांच्या शरीरांवर कुपोषणाच्या खुणा आहेत; मात्र ऐन त्या काळात पाऊस आटला असे म्हणायला हवामानाचा पुरावा पुरेसा नाही, आणि माणसांनी केलेल्या निवडींचाही विचार व्हावा, असा त्यांचा रोख आहे. कोणाचे खरे, याचा निकाल येथे लावण्याची गरज नाही. ढवळीकरांच्या पिढीने त्या मडक्यांतील कोवळी हाडे क्रमांक घालून, थर लिहून, तीस-चाळीस वर्षे जपली. आपल्याविरुद्ध बोलू शकणारा साक्षीदार त्यांनी स्वतःच सांभाळून ठेवला. विद्वत्तेचा याहून मोठा प्रामाणिकपणा मला तरी ठाऊक नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येता येईल. महाविद्यालयाने संग्रह का बाळगावा? आपले म्हणणे खोडले जाण्याची सोय राहावी म्हणून. भगवानलालला तुळईवरचा दगड होता, नायगमवालांना रेषा, इरावतीबाईंना कवट्या, शूग यांना मुलांची हाडे. चौघांच्याही बाबतीत आधीच्या माणसाचा अधिकार मोठा होता, आणि चौघांनीही अनादर न करता त्याच्याशी मतभेद नोंदवला. आपल्याकडे गुरूचा शब्द मोडणे म्हणजे गुरूचा अपमान, अशी समजूत दृढ आहे. या चार प्रसंगांत शब्द मोडला गेला तरी नाते मोडले नाही. भगवानलाल आयुष्यभर भाऊंचे ऋण मानत राहिला, हे त्याच्या चरित्रावरून दिसते.

एक गोष्ट उरते, आणि ती कात्रपच्या बाजूच्या वाड्यांशी निगडित आहे. मानवशास्त्राच्या दालनात आदिवासींच्या झोपडीची प्रतिकृती, टोपल्या, मासे पकडण्याची साधने, दागिने मांडलेले असतात. खाली पाटी असते : कातकरी, ठाणे व रायगड जिल्हे. ही माणसे इनामगावच्या लोकांसारखी संपलेली नाहीत. ती शेजारी राहतात, वीटभट्टीवर जातात, त्यांची मुले शाळेत आणि क्वचित महाविद्यालयात येतात. काचेपलीकडच्या टोपलीविषयी सर्वांत अधिकाराने बोलू शकेल असा विद्यार्थी काचेच्या अलीकडे उभा आहे, ही स्थिती भाऊंच्या किंवा इरावतीबाईंच्या काळी नव्हती. कवटी आपल्या मोजणाऱ्याला उत्तर देऊ शकली ती आकड्यांतूनच. हा विद्यार्थी तोंडाने उत्तर देऊ शकतो. पाटीवर काय लिहावे, काय लिहू नये, कोणती वस्तू मुळात मांडूच नये, हे त्याला विचारले गेले तर संग्रहालयाच्या इतिहासात पाचवी साक्ष नोंदली जाईल, आणि ती आधीच्या चारांहून कठीण असेल, कारण ती एका विधानाविरुद्ध नसून मांडणाऱ्याच्या नजरेविरुद्ध असेल.

अंबरनाथ-बदलापूरच्या परिसरात असा संग्रह उभा करायला मोठी इमारत लागत नाही. देवळाच्या शिल्पांची विद्यार्थ्यांनी दर काही वर्षांनी केलेली रेखाटने आणि छायाचित्रे, म्हणजे १८६८ च्या कलाशाळेने जे केले तेच, पुन्हा पुन्हा. दगड किती झिजला ते त्यातून कळेल. वांगणीच्या आकाशात किती मंद तारा डोळ्यांना दिसतो, याची वर्षावर्षाची नोंद. उजेड किती वाढला ते त्यातून कळेल. वाड्यांवरच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेली रानातल्या वस्तूंची नावे, सांगणाऱ्याच्या संमतीने आणि त्याच्या शब्दांत. एक कपाट आणि एक नोंदवही एवढ्यावर हे होऊ शकते. वहीत वस्तू कोठे मिळाली, कधी, कोणी दिली आणि कोणी लिहिली, हे रकाने असावेत. आणि शेवटी एक रकाना कोरा ठेवावा, पुढे येणाऱ्या विद्यार्थ्याला वरची नोंद चुकीची वाटली तर का ते लिहिण्यासाठी.